दुखतं एकाला, विचारतात दुसऱ्याला

माझ्या भाचीला टाइप वन मधुमेह आहे. तिच्या वहीत सतरा दिवस रक्तातल्या साखरेचा प्रत्येक आकडा शून्यावर नाहीतर पाचावर संपत होता. १३०, १४५, १२०, १३५. ग्लुकोमीटर, म्हणजे थेंबभर रक्तातली साखर मोजणारं यंत्र, असे गोल आकडे देत नाही. तो १३७ दाखवतो, २११ दाखवतो, एखाद्या सकाळी ६४ दाखवतो. मिरजेच्या डॉक्टरांनी वही चाळली, मग मीटर हातात घेऊन जुन्या नोंदी दाखवणारं बटण दाबलं. शेवटची तपासणी अठरा दिवसांपूर्वीची होती.

"ताई, ही मनाने आकडे लिहितीय," डॉक्टर माझ्या बहिणीला म्हणाले. बहिणीचा चेहरा उतरला. मग दोघं बराच वेळ बोलले. इन्शुलिनचा डोस, डबा, शाळेतल्या बाईंना काय सांगायचं, सगळं झालं. भाची मधल्या स्टुलावर बसून रेक्झिनच्या फाटक्या कडेतून बोटाने स्पंज कोरत होती. अकरा वर्षांची पोर. सुई तिला टोचते, भूक तिला लागते, चक्कर तिला येते. त्या वेळात तिच्या वाट्याला एकच प्रश्न आला, "परत असं करणार नाहीस ना?" तिने मान हलवली.

तासगावच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत मला म्हणाली, "मावशी, २८० लिहिलं की मम्मी रात्री जेवत नाही."

डॉक्टर वाईट नव्हते, घाईतही नव्हते. बहीण तर जीव टाकते तिच्यावर. तरी आकडे खोटे का झाले याचं कारण ज्या खोलीत बोलायला हवं होतं तिथे ते निघालंच नाही, कारण ते ज्या एकट्या जिवाला ठाऊक होतं त्याला कुणी विचारलं नाही.

मी सांगलीत राहून मोबाइल ॲपचे स्क्रीन आखायचं काम करते. कुठलं बटण कुठे, कुठला शब्द कुठे, माणूस कुठे अडेल, हे बघणं माझं रोजचं काम आहे. त्या दिवसापासून एकच विषय डोक्यात आहे. आजारी मुलांना स्वतःच्या उपचारात सामील होता यावं म्हणून जी डिजिटल साधनं बनतात, ती नेमकी कशी असावीत? वाचलं, विचारलं, आणि आम्ही असं एक ॲप थोडं बनवूनही पाहिलं. त्यातून जे कळलं ते इथे सांगते.

आधी टाइप वन मधुमेहाविषयी दोन वाक्यं, कारण पुढे तो वारंवार येणार आहे. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, म्हणून इन्शुलिन आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं. लहानपणी चॉकलेटं जास्त खाल्ल्याने हा होत नाही. गल्लीतल्या ज्या बायका माझ्या बहिणीला हे ऐकवतात, त्यांना कुणीतरी हे वाचून दाखवा.

स्टूल मिळालं म्हणजे सहभाग झाला का?

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी मंजूर झाला आणि भारताने तो डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. त्याचं बारावं कलम म्हणतं की ज्या मुलाला स्वतःचं मत बनवता येतं, त्याला स्वतःशी संबंधित सगळ्या बाबतीत ते मोकळेपणी मांडायचा हक्क आहे, आणि त्याचं वय आणि समज बघून त्या मताला वजन दिलं पाहिजे. मूल म्हणेल तेच करा, असं त्यात कुठेही नाही. इन्शुलिन नको म्हटलं म्हणून कुणी ते बंद करणार नाही. पण नको का म्हणतंय, हे ऐकावं लागेल.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये या कलमाची फोड केली. त्यांचं म्हणणं, नुसता आवाज पुरेसा नाही. चार गोष्टी लागतात. बोलायला सुरक्षित जागा हवी, बोलायला मदत हवी, ऐकणारं माणूस हवं, आणि ऐकल्यावर काहीतरी बदलायला हवं. मला ही मांडणी फार उपयोगी पडली, कारण ती लावून बघितली की कुठलंही साधन कुठे लंगडं आहे ते लगेच दिसतं. भाचीला जागा होती, म्हणजे स्टूल होतं. पुढचं काहीच नव्हतं.

मुलांसाठीची बरीच आरोग्य ॲप मी उघडून पाहिली. पहिल्या दोन गोष्टींवर त्यात मेहनत असते. गोड चित्रं, बोलणारं अस्वल, आवडता रंग निवडा, आज कसं वाटतंय ते सांगा. मूल सांगतं. पुढे काय? ते उत्तर कुठल्यातरी सर्व्हरवर जातं आणि तिथेच पडतं. दुसऱ्या दिवशी अस्वल पुन्हा तोच प्रश्न विचारतं. चार दिवसांत मुलाला कळतं की सांगून काही होत नाही. मग ते एकतर ॲप उघडत नाही, नाहीतर आमच्या भाचीसारखं शून्य-पाच लिहितं. म्हणून माझी पारख आता एकच आहे. मुलाने दिलेलं उत्तर कुणी वाचलं, आणि त्याने पुढचं काय बदललं?

डॉक्टर, पालक आणि मूल यांच्या संभाषणावर झालेल्या अभ्यासांचा एक आढावा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात मुलाच्या बोलण्याचा वाटा सगळ्या संभाषणाच्या २ ते १४ टक्के निघाला. ते अभ्यास परदेशातले होते. आपल्याकडे ओपीडीच्या बाहेर पन्नास माणसं, आत आई, आजी, कधी सोबत आलेले काका. तिथे वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही.

संशोधनात मुलांना सामील करताना मात्र आपल्याकडे नियम स्पष्ट आहे. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती घ्यावीच लागते, पण तेवढ्यावर भागत नाही. ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार वेगळा घ्यायचा असतो. अभ्यासासाठी एक थेंब रक्त घेताना ज्या मुलाला विचारायचं, त्याला रोजच्या उपचारात विचारायला काय हरकत आहे?

ठणकतंय, की चमक मारतीय?

मुलाचं किती दुखतंय ते मोजायचं एक जुनं आणि खूप वापरलेलं साधन म्हणजे चेहऱ्यांची पट्टी. अमेरिकेत डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८० च्या दशकात ती बनवली. सहा चेहरे. डावीकडे हसरा, उजवीकडे अश्रू ढाळणारा, मधे चढती पायरी. मूल बोट ठेवतं, नर्स ० ते १० मधला आकडा लिहिते. जगभर चालते, कारण वाचता न येणारं मूलही ती वापरू शकतं.

तिच्यात एक अडचण आहे. समजा मुलाचं दुखत काहीच नाही, पण आई खाली औषध आणायला गेलीय आणि ते घाबरलंय. ते हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवील का? आणि ज्या मुलाला वडिलांनी दारातच बजावलंय की शूर मुलं रडत नाहीत, ते अश्रूंच्या चेहऱ्यावर बोट कसं ठेवील? म्हणून २००१ मध्ये दुसरी एक सुधारित पट्टी आली. तिच्यातही सहाच चेहरे आहेत, पण हसू नाही आणि अश्रू नाहीत. भुवया आवळतात, डोळे मिटत जातात, तोंड ताणत जातं. दुःख आणि दुखणं वेगळं काढायचा तो प्रयत्न आहे. बारीक बदल आहे, पण साधन बनवणं म्हणजे असल्या बारीक जागा बघणंच.

आता आपल्याकडे या. अशा पट्टीखाली मराठी म्हणून काय लिहिलेलं असतं? "अजिबात वेदना नाही", "तीव्र वेदना". वेदना हा शब्द तिसरीतलं मूल कधी वापरतं? मी सांगलीतल्या एका शाळेत परवानगी काढून तिसरी-चौथीच्या मुलांशी बोलले. पोट दुखतं तेव्हा कसं दुखतं, एवढंच विचारलं. हात वर झाले ते खाली येईनात. "पिळतंय." "मुरडा मारतोय." "कळ येती नि जाती." "आतनं कोणतरी चिमटं काढल्यागत." खरचटलेल्या गुडघ्याला "चरचरतंय", गळवाला "ठणकतंय", कानाला "सणक मारती", पायाला "मुंग्या आल्यात".

हे ऐकून मी वही मिटली आणि घरी येऊन आधीचे सगळे स्क्रीन बाजूला ठेवले. मुरडा म्हटलं की डॉक्टर आतड्याकडे बघणार, जळजळ म्हटलं की पित्ताकडे, ठणका म्हटलं की आत पू आहे का ते बघणार. आपल्या भाषेत दुखण्याची जात शब्दातच असते, आणि ती मुलांना येते. शून्य ते दहात फक्त किती ते कळतं. कसं ते हरवतं.

मग आम्ही असं केलं. अंगाचं साधं रेखाचित्र, पुढून आणि मागून. मुलाने जागेवर बोट ठेवायचं. मग तिथेच पाच-सहा चित्रं हलायला लागतात. ठणक्याला नाडीसारखा फुगणारा आणि बसणारा गोळा, चमक म्हणजे झर्रकन जाणारी रेघ, मुंग्या म्हणजे बारीक ठिपके, मुरडा म्हणजे पिळणारं फडकं. चित्राला हात लावला की शब्द ऐकू येतो. आवाज आमच्या शेजारच्या आजींचा आहे. स्टुडिओतला सफाईदार आवाज आधी लावून पाहिला होता, तर एक पोरगा म्हणाला, "ही बाई टीव्हीतली हाय, तिला काय सांगायचं."

खोटे प्रश्न विचारू नका

"इंजेक्शन घ्यायचं ना आपण?" हा प्रश्न नाही. मूल नाही म्हणालं तरी इंजेक्शन होणारच आहे. ज्याचं उत्तर आपण मानणार नाही ते विचारणं म्हणजे मुलाला फसवणं, आणि एकदा फसलेलं मूल पुढच्या खऱ्या प्रश्नालाही उत्तर देत नाही. हे ॲपमध्ये तर फार चालतं. "तयार आहेस का?" खाली दोन बटणं, हो आणि नाही. नाही दाबलं की अस्वल म्हणतं, "चल, शूर हो!" मग नाहीचं बटण ठेवलंच कशाला?

खरे पर्याय पुष्कळ असतात. डावा हात की उजवा. आईच्या मांडीवर की खाटेवर. बघायचं की मान फिरवायची. एक-दोन-तीन म्हणून टोचायचं की न सांगता. टोचताना फुंकर मारायची की पाढे म्हणायचे. हे आधी रात्री, घरी, निवांत विचारता येतं आणि नर्सच्या हातात उत्तर तयार मिळतं. आमच्या चाचणीत एका मुलाने "न सांगता" निवडलं होतं. त्याच्या आईला खात्री होती की तो उलटं सांगेल. नऊ वर्षं ती त्याला आकडे मोजून टोचून घेत होती.

आणि "मुंगी चावल्यासारखं होईल" हेही बंद करा. दुखणार असेल तर दुखेल म्हणा, किती वेळ ते सांगा, मग काय होईल ते सांगा. एमआरआयच्या यंत्रात शिरताना मुलं त्याच्या आवाजालाही घाबरतात. तो ठकठक-घर्रचा आवाज आदल्या दिवशी मोबाइलवर ऐकवला, मधे किती वेळ गप्प पडून राहायचं ते खेळून बघितलं, की यंत्र अनोळखी राहत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पाच-सहा वर्षांच्या बऱ्याच मुलांना वाटतं की आजार ही शिक्षा आहे. मी बहिणीला मारलं म्हणून मला ताप आला. मूल हे आपणहून बोलत नाही. म्हणून साधनात एक वाक्य आपणहून आलं पाहिजे, "हे तुझ्यामुळे झालेलं नाही." आम्ही ते पहिल्याच स्क्रीनवर ठेवलंय.

लाल रंग आणि चाचणी

भाचीकडे परत येते. तिच्या मोबाइलमधल्या ॲपमध्ये साखर वाढली की आकडा लाल व्हायचा. बनवणाऱ्याच्या मनात लाल म्हणजे सावध. आपल्या शाळेतल्या मुलाच्या मनात लाल म्हणजे बाईंचा शेरा. आणि बटणावर लिहिलेलं होतं, "चाचणी करा." मराठी शाळेत चाचणी म्हणजे काय ते सांगायला नको. घटक चाचणी, सत्र चाचणी, कमी मार्क, पालकांची सही. दिवसातनं चार वेळा परीक्षा आणि चार वेळा नापास व्हायची भीती. मीटर कपाटात गेलं त्यात नवल काय?

आम्ही तो शब्द काढून "साखर बघ" केला. लाल-हिरवा काढला. चांगली साखर आणि वाईट साखर हे शब्दही काढले, फक्त जास्त, कमी आणि बेतात. प्रत्येक आकड्याखाली पुढची पायरी आली, तिच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेली. ७० च्या खाली असेल तर आत्ता साखर खा, पंधरा मिनिटांनी परत बघ, घरातल्या मोठ्या माणसाला हाक मार. २५० च्या वर टिकून राहिली तर पाणी पी, लघवीतले किटोन (इन्शुलिन कमी पडलं की शरीरात साचणारे घातक पदार्थ) बघायचे आहेत असं घरात सांग. आकडा हा आता निकाल राहिला नाही, पुढे काय करायचं याची खूण झाला.

तारे, बदाम, नाणी यांच्याबद्दल मी फार सावध झालेय. साखर बघितली म्हणून तारा द्यायला हरकत नाही. साखर बेतात आली म्हणून तारा दिला की त्या ताऱ्यासाठी आकडा बदलतो. ताप, पाळी, परीक्षेचं टेन्शन, कशानेही साखर वर जाते. मुलाच्या हातात नसलेल्या गोष्टीचं बक्षीस ठेवणं अन्याय आहे.

खेळ वाईटच असतो असं नाही. री-मिशन नावाचा एक खेळ २००६ मध्ये अमेरिकेत आला. त्यात एक चिमुकली यंत्रमानव मुलगी शरीरात फिरून कॅन्सरच्या पेशींशी लढते. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ३४ केंद्रांमध्ये १३ ते २९ वयाच्या ३७५ रुग्णांवर त्याचा अभ्यास झाला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा खेळ खेळलेल्यांनी गोळ्या अधिक नियमित घेतल्या. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की गोळी चुकली तर आत काय होतं, ते खेळात दिसत होतं. गोळी का घ्यायची ते उमगलं की ताऱ्याची गरज उरत नाही.

ऐकण्याच्या बाजूने मला आवडलेलं साधन नॉर्वेचं आहे, सिसोम. नॉर्वेजियन भाषेतल्या "जसं आहे तसं सांग" या वाक्याचं ते लघुरूप. कॅन्सर असलेल्या ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ते ऑस्लोत बनलं. मूल नावेत बसून बेटाबेटांवर जातं. एक बेट शरीराचं, एक हॉस्पिटलचं, एक मनातल्या विचारांचं, एक भीतीचं. प्रत्येक बेटावर हलती चित्रं असतात आणि किती त्रास होतो ते मूल सांगतं. शेवटी त्याचा गोषवारा डॉक्टर-नर्सच्या हातात जातो आणि बोलणं तिथून सुरू होतं. लंडी यांची तिसरी गोष्ट, ऐकणारं माणूस, इथे आधीपासून ठरवलेलं आहे.

मुलांबरोबर बनवायचं म्हणजे काय

सिसोम बनवताना शाळकरी, धडधाकट मुलांना आखणीच्या टेबलावर बसवलं होतं. आधीच थकलेल्या आजारी मुलांवर जास्त भार नको, हा त्यामागचा शहाणपणा. ही पद्धत अमेरिकेत मेरीलँडच्या ॲलिसन ड्रुईन यांच्याकडून आलेली. त्यांनी २००२ मध्ये मुलांच्या चार भूमिका सांगितल्या. मूल तयार वस्तू वापरतं, ती तपासून देतं, बनवताना माहिती देतं, किंवा सुरुवातीपासून बरोबरीने बनवतं. चौथी भूमिका सर्वांत अवघड, कारण मोठ्यांना आपलं घोडं मागे घ्यावं लागतं.

मी केलं ते असं. पत्रावळीएवढे पुठ्ठे, खडू, कात्री, जुन्या लग्नपत्रिका, चिकटपट्टी. मोबाइल आणलाच नाही, कारण मोबाइल दिसला की मुलं खेळ शोधतात. पहिल्या दिवशी मी एक चूक केली. माझे स्क्रीन दाखवून विचारलं, "आवडलं का?" सगळी म्हणाली, "हो मॅडम." पाहुण्यांसमोर आपली मुलं नाही म्हणत नाहीत, तसं वळणच असतं. दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. "तुमच्या धाकट्या भावाला हे दिलं तर तो कुठं अडेल?" मग मात्र रांग लागली. बाणाचं चित्र कळणार नाही. हे दाबलं तर मागं जातंय. हे वाचायला लई हाय. डॉक्टरांच्या चित्राला हसू का आहे, ते काय हसत असतात का?

चौथीतली एक बारीक मुलगी शेवटपर्यंत गप्प होती. आवराआवर चालू असताना जवळ येऊन म्हणाली, "डॉक्टरांनी वाचलं, हे त्याला कसं कळणार?"

म्हणजे आजारी मुलाला. मी एवढी पानं वाचून जिथे पोचले होते तिथे ती पुठ्ठा कापता कापता पोचली होती. आता आमच्या नमुन्यात एक जागा आहे. मुलाने ॲपमधून पाठवलेली चिठ्ठी डॉक्टरांनी उघडली की मुलाच्या स्क्रीनवर ते दिसतं, आणि डॉक्टरांना एक ओळ परत लिहावी किंवा बोलावी लागते. त्याशिवाय ती चिठ्ठी मिटत नाही. एका डॉक्टरांनी कुरकुर केली की एवढा वेळ कुठून आणायचा. मी चिठ्ठीच लहान केली. मूल भेटीच्या आदल्या रात्री तीनच गोष्टी सांगतं. मागच्या वेळेपासून काय जड गेलं, काय विचारायचंय, आणि काय सगळ्यांसमोर बोलायचं नाही. वाचायला अर्धा मिनिट.

मोबाइल कुणाचा?

आपल्याकडे मुलाचा मोबाइल ही गोष्ट फार कमी घरांत असते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी साधारण ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. जिथे आईचाच मोबाइल नाही, तिथे मुलीचा कुठून असणार? मोबाइल वडिलांचा, तो रात्री नऊला घरी येतो, चार्जिंग बारा टक्के.

त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलीने "सगळ्यांसमोर बोलायचं नाही" मध्ये काय लिहिलं, ते वडिलांना दिसता कामा नये. आम्ही ती उत्तरं पाठवल्यावर मोबाइलमधून पुसून टाकतो. पण "हे कुणालाच सांगणार नाही" असं वचन कुठलंही साधन देऊ शकत नाही, देऊही नये. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकाला बंधनकारक आहे. म्हणून वाक्य खरं लिहायचं. "हे डॉक्टर आणि नर्स वाचतील. तुला कुणापासून धोका आहे असं वाटलं तर तुला वाचवायला आम्हाला आणखी एखाद्या माणसाला सांगावं लागेल, आणि ते आधी तुला सांगू." खाली १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय. त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती हवी, असं त्यात म्हटलंय, आणि काही अपवाद सोडले तर त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवणं याला त्यात मनाई केलीय. फुकटचं गोड ॲप मुलाच्या हातात देण्याआधी ते पैसे कुठून कमावतं, हे पालकांनी बघावंच.

नेटवर्कचंही तसंच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या भागात वीज नव्हती, टॉवर बंद होते. शेजारच्या काकांनी इन्शुलिनची कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माठात ठेवली होती. तेव्हापासून नेट नसलं की चालणार नाही अशी आरोग्याची वस्तू मला मान्य नाही. आमचं सगळं मोबाइलमध्येच राहतं, नेट आलं की जातं. शिवाय कागदावर छापता येतं, कारण ऊसतोडीला बीडकडून आलेल्या घरातलं मूल मार्चमध्ये परत जातं. पुढच्या दवाखान्यात ॲप नसेल, चिठ्ठी असेल. आणि साखर ५४ आली तर चिठ्ठी लिहायची वेळच नाही. तिथे ॲपने गप्प राहून एकच मोठा स्क्रीन दाखवायचा, साखर खा, हाक मार.

भाचीने तिसऱ्या भेटीला चिठ्ठी पाठवली. "मम्मीला रोजचा आकडा दाखवू नका" असं तिसऱ्या प्रश्नात बोलली होती, हळू आवाजात, मागे कुकरची शिट्टी. डॉक्टरांनी ते ऐकलं, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि विचारलं, "मग कधी दाखवायचा?" बराच वेळ दोघांचं ठरत होतं. ७० च्या खाली आला तर लगेच, २५० च्या वर टिकला तर लगेच, बाकीचे रविवारी एकत्र. बहीण आधी रडली, मग कबूल झाली. त्यानंतरच्या आठवड्यात वहीत २८७ होता, १९३ होता, एक ७१ होता.

जत आणि अथणीकडून येणाऱ्या मुलांसाठी कन्नड आवाज अजून व्हायचा आहे. ठणक्याला, मुरड्याला तिकडची पोरं काय म्हणतात, ते शाळेत जाऊन ऐकावं लागेल. दिवाळीच्या सुट्टीनंतर जायचं ठरलंय, पुठ्ठे आणि कात्र्या घेऊन. भाची येते म्हणालीय. मीटर कसं वापरायचं ते तिथल्या मुलांना तीच दाखवणार आहे.